‘माहीत नाही, सर’
किशोरवयीन मुलांचा मेंदू आणि आपली जबाबदारी

शास्त्रपाठ: लूक २:४१-५२, प्रेषितांची कृत्ये १५:३६-४० व २०:७-१२, २ तीमथ्य ४:११





गेल्या वर्षी होळीच्या रात्री आमच्या वसतिगृहातील तीन मुले भिंत ओलांडून बाहेर पडली. सातपुड्यात होळी हा वर्षातला सर्वांत मोठा सण. काठी गावच्या राजवाडी होळीला दूरदूरच्या पाड्यांतून लोक येतात. रात्रभर ढोल वाजतो, मोरपिसांचे टोप घातलेले नाचे फेर धरतात आणि होळी पेटते ती पहाटे. त्यानंतरचे काही दिवस गावोगावी होळ्या होत राहतात. आमच्या मुलांची सुट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होणार होती. घरचे लोक त्यांना न्यायला येणारच होते. म्हणजे फक्त एक रात्र थांबायचे होते.

ती एक रात्र त्यांना थांबता आले नाही. ओळखीच्या एका मोठ्या मुलाची मोटारसायकल त्यांनी मागून घेतली. एका गाडीवर तिघे बसले आणि घाटातल्या वळणावर खडीवरून घसरले. देवाच्या कृपेने जीव वाचले. पण सर्वांत लहान मुलाचा हात मोडला. गाडी चालवत होता दिलवर. (नाव बदलले आहे.) वय पंधरा, इयत्ता नववी. शब्बाथ शाळेत सगळ्यांच्या आधी उत्तर देणारा, रविवारी मंडळीत ढोलकी वाजवणारा मुलगा.

रुग्णालयाच्या बाकावर मी त्याला विचारले, “का गेलास रे?”

तो खाली बघत म्हणाला, “माहीत नाही, सर.”

आपल्यापैकी जे आईवडील आहेत, शिक्षक आहेत, त्यांनी हे उत्तर ऐकलेलेच असेल. त्याने आपला पारा चढतो. आपल्याला वाटते, हा लपवतो आहे, नाहीतर उद्धटपणा करतो आहे. मलाही तसेच वाटले. त्या रात्री परत येऊन मी त्याला वसतिगृहातून काढण्याचे पत्र लिहिले आणि सकाळच्या समितीसाठी टेबलाच्या खणात ठेवून दिले.

पुढे काय झाले ते सांगतोच. पण त्याआधी, ‘माहीत नाही’ हे उत्तर कधी कधी अगदी खरे कसे असू शकते, ते आपण समजून घेऊ या.

घडत असलेला मेंदू

मुलाचा मेंदू साधारण सहाव्या वर्षापर्यंत आकाराने मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळपास होतो. त्यामुळे पूर्वी समजूत अशी होती की मेंदूची घडण बालपणीच संपते आणि पुढे राहते ते फक्त शिकणे. एमआरआय यंत्र आल्यावर जिवंत माणसाच्या मेंदूचे चित्र काही इजा न करता घेता येऊ लागले. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. जे गिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांची चित्रे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा घेतली. १९९९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार मेंदूच्या पुढच्या भागातील करडा थर मुलींमध्ये अकराव्या आणि मुलांमध्ये बाराव्या वर्षाच्या सुमाराला सर्वांत जास्त असतो आणि त्यानंतर कमी होत जातो.

कमी होतो म्हणजे मेंदू बिघडतो, असे नाही. आपण मका दाट पेरतो आणि नंतर विरळणी करतो. जोमदार रोपे ठेवतो, बाकीची उपटतो, म्हणून कणसे भरतात. मेंदूतही पेशी-पेशींमधील जोडण्या आधी दाट होतात. मग ज्या वापरल्या जातात त्या टिकतात, ज्या वापरल्या जात नाहीत त्या गळतात. जे तंतू टिकतात त्यांच्यावर मायलिन नावाचे चरबीचे वेष्टण चढते. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूतून निरोप सेकंदाला साधारण एक मीटर जातो. जाड वेष्टण असलेल्या तंतूतून तो शंभर मीटरपर्यंत जाऊ शकतो. डोंगरातली पायवाट रोजच्या चालण्याने पक्की होते आणि न चाललेली गवताखाली जाते, तसेच हे आहे. तेरा ते एकोणीस या वयात मूल रोज काय करते, कोणाबरोबर करते, कशात आनंद मानते, त्याने या वाटा पक्क्या होत असतात.

आता महत्त्वाची गोष्ट. ही घडण सगळीकडे एकाच वेळी होत नाही. ती साधारणपणे मेंदूच्या मागच्या बाजूकडून पुढे सरकते. बघणे, हालचाल करणे यांचे भाग आधी तयार होतात. सर्वांत शेवटी तयार होतो तो कपाळामागचा भाग. डॉक्टर त्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. पुढचा विचार करणे, मनाला आवर घालणे, दोन गोष्टी तोलून पाहणे ही त्याची कामे. त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालते. उलट राग, भीती आणि आनंद यांच्याशी संबंधित आतले भाग वयात येतानाच्या बदलांबरोबर जोमाने कामाला लागतात. नवे काही मिळणार, मजा येणार, म्हटले की डोपामाइन नावाचे रसायन काम करते आणि या वयात त्याची ओढ फार असते.

आमच्याकडचे शेतकरी हे लगेच ओळखतील. गोऱ्ह्याच्या अंगात ताकद आधी येते, चाल नंतर येते. म्हणून कोणी शहाणा शेतकरी दोन नवे गोऱ्हे एकाच जुवाला जुंपत नाही. एका बाजूला जुना, सरावलेला बैल असतो. त्याच्या जोडीने चालता चालता गोऱ्हा शिकतो. गोऱ्हा ओढाळ निघाला म्हणून त्याला कोणी रानात सोडूनही देत नाही.

ठाऊक असूनही का चुकतात?

मला सर्वांत जास्त याचे वाईट वाटले होते की दिलवरला सगळे ठाऊक होते. नियम ठाऊक होता, घाट ठाऊक होता, वचनही पाठ होते. मग त्याचा उपयोग काय?

शास्त्रज्ञ सांगतात की पंधरा-सोळा वर्षांचे मूल शांत बसून विचार करत असेल तर त्याची तर्कशक्ती मोठ्या माणसाच्या जवळपास असते. पण मन तापलेले असेल आणि मित्र बघत असतील, तर तेच मूल वेगळे वागते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पडद्यावर गाडी चालवण्याचा एक खेळ किशोरांना, तरुणांना आणि प्रौढांना खेळायला दिला. सिग्नलवर थांबायचे की धोका पत्करून पुढे जायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. मित्र बघत आहेत हे कळल्यावर किशोरांनी जास्त धोके पत्करले आणि त्यांच्या मेंदूतील आनंदाशी जोडलेले भाग जास्त सक्रिय झाले. प्रौढांमध्ये मित्र असण्या-नसण्याने तसा फरक पडला नाही. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला.

म्हणजे शब्बाथ शाळेत उत्तर देणारा दिलवर खोटा नव्हता. पण तेव्हा त्याच्या मागच्या सीटवर दोन मित्र बसलेले नव्हते आणि लांबून ढोल वाजत नव्हता. ‘माहीत नाही, सर’ याचा अर्थ मला आता असा लागतो: मी ठरवून गेलो नाही, सगळे निघाले आणि मी निघालो.

हे लिहिताना मला दुसरा एक मुलगा आठवतो. तो आठवला नसता तर खणातले पत्र मी समितीपुढे ठेवले असते.

ज्याला मी काढले

मी या कामात नवा होतो तेव्हाची गोष्ट. आठवीतला एक मुलगा रात्री मित्रांबरोबर बाजारगावी सिनेमा पाहायला गेला आणि पकडला गेला. मला वाटले, एकाला धडा शिकवला की बाकीचे सुधारतील. त्याच संध्याकाळी मी त्याची पेटी बाहेर ठेवली. त्याच्या वडिलांनी हात जोडले. मी नियम दाखवला. दिवाळीनंतर तो आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेला. शाळेच्या पटावर त्याचे नाव काही महिने राहिले, मग कमी झाले.

बऱ्याच वर्षांनी तो मला बसस्थानकावर भेटला. कडेवर मूल होते. त्यानेच मला ओळखले, वाकून नमस्कार केला, चहा पाजला. पैसे मला देऊ दिले नाहीत. मी म्हणालो, “त्या वेळी मी फार कडक वागलो.” तो हसून म्हणाला, “तुम्ही विचारत होतात ना सर, का गेलास म्हणून? तेव्हा सांगता आलं नाही. कारण काहीच नव्हतं. सगळे निघाले म्हणून निघालो.”

एवढेच. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण ज्या वयात त्याला सरावलेल्या बैलाची जोड हवी होती, नेमक्या त्याच वयात मी त्याला जुवातून सोडून दिले होते. देवापुढे मी हे अनेकदा कबूल केले आहे. आज आपल्यापुढेही करतो.

वचन काय सांगते?

प्रभू येशू बारा वर्षांचा असताना मंदिरात मागे राहिला, हा भाग आपण नेहमी वाचतो. आईवडील तीन दिवस शोधत होते. त्याला पाहून मरीयेने आपली काळजी बोलून दाखवली, त्याने उत्तर दिले, आणि ते उत्तर त्यांना समजले नाही, असे लूक स्पष्ट लिहितो. तरी ती ते सारे मनात जपून ठेवते, आणि तो त्यांच्याबरोबर घरी जाऊन त्यांच्या आज्ञेत राहतो. अध्यायाच्या शेवटी लूक त्याच्या वाढीविषयी सांगतो: ज्ञानाची वाढ, शरीराची वाढ, देवाच्या आणि माणसांच्या कृपेतील वाढ. देवाच्या पुत्रानेही वाढीची वर्षे टाळली नाहीत. मग आपल्या मुलांनी एका रात्रीत मोठे व्हावे, असा हट्ट आपण का धरावा?

दुसरे उदाहरण मार्काचे. पहिल्या फेरीत तो पौल व बर्णबा यांना सोडून अर्ध्या वाटेवरून परतला. पुढच्या फेरीच्या वेळी पौल म्हणाला, त्याला नको. बर्णबा म्हणाला, घेऊ. दोघांत एवढा वाद झाला की ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. त्या प्रवासात काय घडले ते लिहिलेले नाही. पण बऱ्याच वर्षांनंतर तोच पौल तीमथ्याला कळवतो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधल्या काळात कोणीतरी मार्काबरोबर चालले होते.

समितीत काय झाले?

दुसऱ्या दिवशी समिती बसली. मी पत्र खणातच ठेवले. मतभेद झाले. एका सभासदांचे म्हणणे रास्त होते: आज हात मोडला, उद्या जीव गेला तर पालकांना काय सांगणार? ज्या मुलाचा हात मोडला त्याचे वडील दाराशी बसले होते. आम्ही त्यांना आत बोलावून विचारले. ते म्हणाले, “आमच्या पाड्यात पोरगं चुकलं तर पंच दंड करतात. दंड भरला की सगळे एका जागी बसून जेवतात. पोराला काढून टाकलं तर दंड भरणार कोण?”

त्या माणसाने शाळेची पायरी चढलेली नाही. आमच्या समितीत चार पदवीधर होते.

दंड ठरला. दिलवरने त्या वडिलांची माफी मागितली. मित्राचा हात प्लास्टरमध्ये होता तोवर त्याची ताटे, कपडे आणि वह्या दिलवरने सांभाळल्या. सुट्टीत त्या कुटुंबाच्या शेतावर काम केले. मोटारसायकलच्या दुरुस्तीचे पैसे तिघांच्या घरच्यांनी मिळून दिले आणि मुलांनी ते बागेत काम करून फेडले. शेवटी आम्ही सगळे एकत्र जेवलो.

मेंदू अजून घडतो आहे ही सबब नाही, हे मी आवर्जून सांगतो. मर्यादा हवी, शिक्षाही हवी. पण शिक्षा अशी हवी की मूल आपल्याजवळ राहून ती भोगेल आणि त्यातून त्याच्या मनात चांगली वाट पडेल.

आम्ही काय बदलले?

१. रात्री निर्णय नाही. मूल तापलेले असते, आपणही तापलेले असतो. आता आम्ही रात्री फक्त सुरक्षितता पाहतो, जेवायला घालतो आणि झोपवतो. बोलणे दुसऱ्या दिवशी. ‘का केलेस?’ याऐवजी ‘काय झाले, पहिल्यापासून सांग’ असे विचारतो. मुले सांगतात.

२. झोप. किशोरवयात झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा वाढू लागते, त्यामुळे त्यांना लवकर झोप येत नाही. आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. आमच्याकडे दहाला दिवे बंद व्हायचे आणि साडेचारला घंटा व्हायची. पहाटेच्या प्रार्थनेत डुलक्या घेणाऱ्यांना मी उभे करत असे. मग एकदा त्रोवस येथील युतुखाची गोष्ट वाचताना थांबलो. पौलाचे भाषण लांबले, खिडकीत बसलेला तो तरुण झोपेने तिसऱ्या मजल्यावरून पडला. पौल खाली धावला आणि त्याने त्याला कवटाळले. झोपेवरून बोल लावल्याचे तिथे कुठे लिहिलेले नाही. आता आमची घंटा सहाला होते आणि दिवे साडेनऊला बंद होतात. प्रार्थनेत मुले जागी असतात.

३. मित्रांची ताकद चांगल्या बाजूला. मित्र बघत असताना मूल धोका घेते, तसेच ते धाडसाचे चांगले कामही करते. दहावीचा एक मुलगा आणि सातवी-आठवीतली तीन मुले असे गट केले आहेत. फुटबॉल, डोंगरचढाई, पाड्यावर पथनाट्य, अशी अंगातली रग जिरवणारी कामे त्यांना दिली आहेत. होळीला आता आम्ही दोन शिक्षकांसह मुलांना स्वतः घेऊन जातो, नाचणाऱ्यांचा मान राखायला शिकवतो आणि सुखरूप परत आणतो.

४. व्यसनापासून जपणूक. तंबाखू, गुटखा, दारू यांची वाट या वयात पडली तर ती फार खोल जाते, कारण मेंदू शिकण्याच्या भरात असतो. पहिली पुडी शक्य तितकी लांबवणे हीच मोठी मदत आहे.

५. अन्न आणि तपासणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत भारतातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताची कमतरता आढळली. आमच्या भागात सिकलसेलचा आजारही आहे. वर्गात मान टाकणारी मुलगी आळशी आहे असे ठरवण्याआधी तिचे रक्त तपासू या. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या, जंताचे औषध, नाचणी, पालेभाजी, डाळ, हेही मेंदूच्या घडणीचेच काम आहे.

६. उदासपणाकडे लक्ष. बऱ्याच मानसिक आजारांची सुरुवात किशोरवयातच होते. मूल एकाएकी गप्प झाले, जेवेना, खेळेना, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडे नेणेही आपले कर्तव्य आहे.

आपल्याला विनंती

एका ज्येष्ठ हितचिंतकांनी पत्रातून विचारले होते, “अशा मुलांवर देणगीचा पैसा का घालवायचा? होतकरू मुले घ्या.” प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही प्रामाणिकपणे देतो. तेराव्या वर्षी होतकरू कोण, हे मला ओळखता येत नाही. पौलालाही मार्काच्या बाबतीत ओळखता आले नाही.

दिलवर यंदा दहावीत आहे. गणित अजून कच्चेच आहे आणि राग अजून लवकर येतो. गेल्या महिन्यात त्याने रागाने दार आपटले आणि काच फुटली. पण या वेळी तो स्वतःच केरसुणी घेऊन आला. मी विचारले नव्हते, तरी म्हणाला, “राग आला होता, सर.”

‘माहीत नाही’पासून इथपर्यंत यायला त्याला दीड वर्ष लागले.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. माझ्या पंधराव्या वर्षी माझ्याबरोबर कोण चालले? माझी कोणती चूक त्यांनी पोटात घातली?

२. माझ्या घरात किंवा मंडळीत असा कोणता किशोर आहे, ज्याला आपण मनाने आधीच ‘काढून’ टाकले आहे?

३. आमच्या तरुण संघात मुलांना धाडसाचे आणि जबाबदारीचे कोणते खरे काम दिले जाते?

प्रार्थनेचे विषय

* यंदा दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या आमच्या मुलामुलींसाठी.
* दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या आणि शाळा सुटलेल्या मुलांसाठी.
* वसतिगृहातील शिक्षक, स्वयंपाकी भगिनी आणि रखवालदार यांना धीर व शहाणपण मिळावे म्हणून.
* ज्याला मी काढले, त्याच्या कुटुंबासाठी. त्याचे मूल येत्या जूनमध्ये पहिलीत जाणार आहे.

प्रभूच्या सेवेत आपला बंधू,
अधीक्षक, मुलांचे वसतिगृह